डावीकडचे प्रेक्षक

लॅपटॉप घ्यायचं खूळ माझ्या धाकट्या भावाने डोक्यात भरवलं. तो नाशिकला असतो आणि मी बँकेच्या बदलीवर कोलकात्यात. लहानपणी दोघांनाही गाड्यांचं वेड होतं. आता भेट व्हायची ती एखाद्या लग्नात, पंगतीत शेजारी बसून, आणि तेवढ्यात बोलणार तरी काय? त्याने घरी कॉम्प्युटरला जोडायचं स्टिअरिंग व्हील आणि पेडलं घेतली होती. रेसिंग सिम्युलेटर म्हणतात तसले खेळ तो खेळायचा. म्हणायला खेळ, पण टायर तापल्याशिवाय गाडी नीट वळत नाही आणि ब्रेक जरा जास्त दाबला की चाकं जाम होऊन ती सरळ कठड्यावर जाते.

"दादा, तू फक्त एक चांगला लॅपटॉप घे," तो फोनवर म्हणाला. "रविवारी सकाळी दोघं एकाच ट्रॅकवर उतरू. तू तिकडून, मी इकडून."

बायकोला सांगितलं तर ती हसली. "घ्या एकदाचा. निदान रविवारी तरी बँकेचं रडगाणं ऐकावं लागणार नाही."

भावाने काय बघायचं तेही पढवून ठेवलं होतं. नुसतं ग्राफिक्स कार्डाचं नाव वाचून भुलायचं नाही. पातळ लॅपटॉपमध्येही तेच कार्ड घालतात, पण त्याला पुरेशी वीज मिळत नाही, आणि तापलं की ते धापा टाकायला लागतं. तेव्हा जाड घ्यायचा, मोठ्या पंख्यांचा. आणि मुख्य म्हणजे दुकानात गेम लावून चांगला चालवून बघायचा. चित्र अडखळलं की तो लॅपटॉप बाद.

हे सगळं दुर्गापूजेच्या आधी ठरलं. पूजेत अष्टमीच्या दुपारी आमच्या सोसायटीच्या मांडवात उभा असताना माझं डोकं अचानक दुखायला लागलं. ढाक, तिकडचा मोठा ढोल, जोरात वाजत होता, मांडवाला लावलेले दिवे भर दुपारीही लुकलुकत होते. उजव्या बाजूला, मानेच्या जरा वर, कुणी बोट रुतवून धरावं तसं दुखत होतं. मी घरी येऊन झोपलो. उठलो तेव्हा बरं वाटत होतं, आणि त्या दुपारचा पुन्हा विचार करायचं मला काही कारण राहिलं नाही.

त्यानंतर पेपर वाचायला त्रास व्हायला लागला. एक ओळ संपवून पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना मी भलत्याच ओळीवर जायचो. चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली, ती मी शेवटपर्यंत वाचली. "नंबर तोच आहे," त्या म्हणाल्या. मी खूश होऊन परतलो.

पूजेच्या सवलती अजून चालू होत्या, म्हणून एका शनिवारी मी चांदनीच्या बाजारात गेलो. तिथे गल्लीभर कॉम्प्युटरची दुकानं आहेत. ज्या दुकानात शिरलो तिथला मालक माझ्याच वयाचा होता, आणि गाड्यांचे खेळ स्वतः खेळणारा निघाला. त्याने हौसेने एक लॅपटॉप मांडला, व्हील जोडलं आणि मला स्टुलावर बसवलं.

शर्यत सुरू झाली. सरळ रस्ता होता, समोर कुणी नाही. मी वेग वाढवला आणि माझ्या नाकासमोर एक लाल गाडी उगवली. मागून आली नाही की बाजूने आली नाही. डांबरातून वर यावी तशी आली. मी तिच्यावर आदळलो.

"चित्र अडखळतंय," मी म्हणालो. "मधली गाडी गायब होते आणि एकदम पुढे येते."

मालक स्वतः बसला. मी त्याच्या मागे उभा राहून बघितलं. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. "स्क्रीन तो ठीकई आछे, दादा," तो म्हणाला. मग त्याने स्क्रीनवर एक आकडा चालू केला. दर सेकंदाला किती चित्रं उमटतात ते त्यावरून कळतं. "तुम्हीच चालवा आणि आकड्यावर लक्ष ठेवा. चित्र अडखळलं तर तो खाली येईल."

"कुठाय आकडा?"

"वरती. डाव्या कोपऱ्यात."

मला कोपरा दिसत होता. निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं. तिथे आभाळ होतं, ट्रॅकवरचं फिकट निळं आभाळ, आणि त्यात काही लिहिलेलं नव्हतं. मालकाने माझ्या खांद्यावरून हात पुढे करून काचेवर बोट टेकवलं. त्याच्या मनगटावरून, बोटावरून माझी नजर सरकत गेली आणि बोटाच्या टोकाशी हिरवा आकडा होता. चांगला ठसठशीत.

"आत्ता आला," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. पण गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार? मी दुसरा लॅपटॉप मागितला. त्यावरही तेच झालं. गाड्या नाहीशा होत होत्या आणि माझ्यापुढे उगवत होत्या. त्या सगळ्या डावीकडूनच येत होत्या हे माझ्या लक्षात आलं नाही. हे आता लिहिताना मलाच खरं वाटत नाही, पण नाही आलं. जे नाहीच, ते कुठल्या बाजूला नाही याचा विचार माणूस कसा करणार?

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन मी न्यू टाउनमधल्या एका मॉलमध्ये गेलो. गाडी मीच चालवली. ती शेजारी बसली होती आणि तिच्या बहिणीबद्दल काहीतरी सांगत होती. एका सिग्नलला ती बोलता बोलता जरा थांबली, आणि मला क्षणभर वाटलं, मी गाडीत एकटा आहे. इतकं नक्की वाटलं की मी हळूच रेडिओ लावायला हात पुढे केला.

"अहो, मी बोलतेय ना!" ती म्हणाली, आणि मी दचकलो. तिला वाटलं मी तिची थट्टा करतोय.

त्या दुकानात मोठ्या, रुंद स्क्रीनचे लॅपटॉप होते. स्क्रीन जितकी रुंद, तितक्या जास्त गाड्या गायब होत होत्या. मी विक्रेत्याला म्हणालो, "एवढा महाग लॅपटॉप आणि ही गत?" तो बिचारा नुसता मान हलवत राहिला. वैतागून मी उठलो, बायको दिसेना. दुकानाच्या दारापर्यंत गेलो, बाहेर डोकावलो, परत आलो. फोन लावला. रिंग अगदी कानाशी वाजली.

"काय चाललंय तुमचं?" ती माझ्या डाव्या हाताशी उभी होती. माझी बॅग तिच्या हातात होती. "मघापासून तुमच्याबरोबर फिरतेय मी. दारापर्यंत गेलात तेव्हाही बरोबर होते."

"तू कधी आलीस?"

ती हसायला गेली आणि मध्येच थांबली. तो चेहरा मला आठवतो. मी तिच्याकडे पूर्ण वळलो होतो, म्हणून तो मला नीट दिसला.

शेवटी मी एक लॅपटॉप घेतला. जाड, वजनदार, मागे विटेएवढे गरम हवेचे झरोके. भावाने व्हिडिओ कॉलवर त्याची सगळी माहिती वाचून घेतली आणि पसंती दिली. दुकानातल्या विजेतच काहीतरी गडबड असेल, घरी नीट चालेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पहिल्या रविवारी आम्ही ट्रॅकवर उतरलो. कानांवर हेडफोन, त्यात भावाचा आवाज. इतकी वर्षं आम्ही इतके जवळ असे बसलो नव्हतो. तो सांगत होता, "आता उजवं वळण येईल, आधीच ब्रेक लाव." सुरुवातीला फार मजा आली. मग तो माझ्या बाजूला आला असावा, कारण तो ओरडला, "दादा, मी आहे इथे! जागा दे!"

"कुठे आहेस?"

"तुझ्या शेजारी!"

शेजारी कुणीच नव्हतं. रस्ता होता, गवत होतं. मी वळलो, धाडकन आवाज झाला आणि माझी गाडी गिरकी घेऊन थांबली. असं पुन्हा झालं आणि पुन्हा झालं. शेवटी तो चिडला. "मुद्दाम करतोयस का?"

मी म्हटलं, लॅपटॉप सदोष आहे. कंपनीचा माणूस घरी आला, त्याने सगळ्या चाचण्या केल्या, आणि कशातच काही दोष नाही असं लिहून देऊन गेला. मी त्याच्याशीही भांडलो.

ती माणसं दिसायला लागली ती त्याच सुमाराला.

ट्रॅकच्या कडेने जाळीचं कुंपण असतं आणि त्यामागे बाकांवर प्रेक्षक बसवलेले असतात. खेळातली माणसं ती, वेगात जाताना ठिपक्यांसारखी दिसतात. एका संध्याकाळी सराव करून मी लॅपटॉप मिटला आणि सोफ्यावर टेकलो. डावीकडे, जिथे आमचं पुस्तकांचं कपाट आहे तिथे, जाळी होती. तिच्यामागे माणसं बसली होती. निळे, पिवळे शर्ट, टोप्या. चेहरे नीट लागत नव्हते. ती हलत नव्हती, ओरडत नव्हती. शर्यत संपल्यावरही कुणी न्यायला आलं नाही म्हणून तशीच बसून राहिल्यासारखी ती बसली होती. मी मान वळवली तर कपाट. मान सरळ केली, जरा वेळ गेला, आणि ती पुन्हा होती.

मला भीती वाटली नाही. हे मलाही चमत्कारिक वाटतं. वाटलं, फार खेळलो, डोळ्यात चित्र राहिलं असेल. पण दुसऱ्या दिवशी ती माणसं बँकेत आली. माझ्या टेबलाच्या डावीकडे, कर्जाच्या फायली असतात तिथे, एक पूर्ण रांग. समोर एक खातेदार त्याचं गाऱ्हाणं सांगत होता आणि त्याच्या खांद्याशेजारी पिवळ्या टोपीतला एक जण शांत बसून ऐकत होता. मी दोनतीनदा तिकडे बघितलं असेन. खातेदाराने मागे वळून बघितलं, मग माझ्याकडे.

घरी बायकोच्या लक्षात आलं. "कुणाकडे बघताय?" जेवताना तिने विचारलं.

"कुणाकडे नाही."

"मग तिकडे बघून मान का हलवलीत? कुणी ओळखीचं भेटल्यासारखी?"

मी ताटाकडे बघितलं. भात, आमटी, भाजी संपली होती. तिने हात पुढे करून माझं ताट अर्धं फिरवलं, आणि ताटात कोशिंबीर होती, लिंबाची फोड होती, अख्खी पोळी होती. "रोज अर्धं ताट टाकताय," ती म्हणाली. "मला वाटलं माझ्या हातचं आवडेनासं झालं."

पुढच्या रविवारी भावाने खेळायला नकार दिला. म्हणाला, "आधी मागच्या शर्यतीचं रेकॉर्डिंग बघ. म्हणजे तुला कळेल तू काय करतोस ते." त्याने ते पाठवलं. खेळात शर्यत नंतर कुठल्याही कोनातून बघता येते. त्याने निवडलेला कोन समोरचा होता, म्हणजे आम्ही दोघं कॅमेऱ्याकडे तोंड करून येत होतो. साहजिकच डावं-उजवं उलटलं होतं. माझ्या डावीकडचं सगळं आता माझ्या उजवीकडे होतं.

लांबलचक सरळ रस्त्यावर माझी पांढरी गाडी येत होती. तिच्या अंगाला अंग लावून त्याची निळी गाडी येत होती. नुसती चुटपुटती नव्हे, सबंध रस्ताभर. चाकाला चाक. मधूनमधून तो दिवे लुकलुकवत होता, जरासा पुढे येत होता, मागे जात होता, मला दिसावं म्हणून जे जे करता येईल ते सगळं करत होता. आणि मी, एखाद्या ओसाड रस्त्यावरून चाललेल्या माणसासारखा, शांतपणे त्याच्या अंगावर वळत होतो.

त्या सरळ रस्त्यावर मी एकटा होतो हे मी शपथेवर सांगितलं असतं.

मी बायकोला हाक मारली आणि समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. "हलू नकोस," म्हटलं. मी तिच्या नाकाच्या शेंड्याकडे बघितलं आणि नजर तिथेच ठेवली. एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा मिटला. दोन्ही वेळा तेच. तिचा एक डोळा होता, एक भुवई होती, एका कानातलं होतं. दुसरा अर्धा चेहरा नव्हता. तिथे काळं नव्हतं, धुकं नव्हतं, फाटलेली कड नव्हती. आपल्या पाठीमागे आपल्याला काय दिसतं? अंधार दिसतो असं आपण म्हणत नाही. तिथे दिसणंच नसतं. माझं तसं नाकाच्या रेषेपासून सुरू होत होतं.

"काय दिसतंय?" तिने विचारलं. ओठांचा अर्धाच भाग हलला.

"दवाखान्यात जाऊ," मी म्हणालो.

डोक्याचा एमआरआय झाला. डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या होत्या. पडद्यावर त्यांनी माझ्या मेंदूचा मागचा, उजवीकडचा एक ठिपका दाखवला. तिथली एक बारीकशी रक्तवाहिनी बंद पडून बरेच दिवस झाले होते. डोळे चांगले होते, पण दोन्ही डोळ्यांनी पाठवलेलं डावीकडचं चित्र जिथे उमटायला हवं ती जागाच विझली होती. "मेंदूला रिकामी जागा आवडत नाही," त्या म्हणाल्या. "आजूबाजूचं गवत, आभाळ घेऊन तो ती भरून टाकतो. म्हणून तुम्हाला काही कमी आहे असं वाटलं नाही."

मग मी माणसांबद्दल सांगितलं. बायकोने माझा हात घट्ट धरला, तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. डॉक्टरांना मात्र आश्चर्य वाटलं नाही.

"बोलतात का ती?"

"नाही."

"नाहीच बोलत. ज्या भागाला बाहेरून काही मिळत नाही तो भाग स्वतःच काहीबाही तयार करतो. बोलायला लागली तर मात्र मला कळवा." मग त्यांनी विचारलं, "गाडी चालवता?"

बायको म्हणाली, "रोज."

घरी आल्यावर आम्ही दोघं सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो. गाडीच्या डाव्या बाजूला मी किती तरी दिवसांत गेलो नव्हतो. बायको पुढे झाली आणि मी मान पूर्ण वळवून तिच्यामागे. आरसा आतल्या बाजूला दुमडला होता. मागच्या दारापासून पुढच्या चाकापर्यंत ओरखडे होते, काही जुने, काही चकचकीत. दाराच्या मुठीखाली हिरव्या रंगाचा एक पट्टा घासून उमटला होता. रिक्षा असेल, भाजीची गाडी असेल, एखाद्या दुकानाची फळी असेल. तिने बोटाने तो खरवडून बघितला.

"काही लागल्याचं आठवतं?"

आठवत नव्हतं. मी मनातल्या मनात घर ते बँक सगळा रस्ता पुन्हा चाललो. प्रत्येक वळण, प्रत्येक थांबा. त्या रस्त्यावर डावीकडे सगळं ठीक होतं. झाडं होती, फुटपाथ होता, मोकळा. तो मोकळा फुटपाथ माझ्याच डोक्याने रंगवलेला होता, हे कळल्यावर मला तिथेच, पार्किंगच्या कट्ट्यावर, खाली बसावं लागलं. ती माझ्या उजवीकडे येऊन बसली.

गाडी विकली. औषधं सुरू झाली, आणि डोळ्यांचा व्यायाम. नजरेने मुद्दाम, सवय लागेपर्यंत, डावीकडे जायचं आणि तिथून परत यायचं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना मी बिचकत लॅपटॉपबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "खेळा की. तिथे कुणाला लागत नाही."

मग भाऊ सुट्टी काढून कोलकात्याला आला. आल्या आल्या त्याने मला मिठी मारली आणि मला म्हटलेला तो 'मुद्दाम' शब्द परत घेतला, मी विचारलं नसतानाही. आठवडाभर तो शेजारी बसून शिकवत होता. लॅपटॉपचं चित्र एका मोठ्या मॉनिटरवर घेतलं, तो मॉनिटर बराच उजवीकडे सरकवला, आणि खेळात डाव्या बाजूला कुणी आलं की बाण उमटेल अशी सोय शोधून काढली, बाण माझ्या उजव्या कोपऱ्यात. "डावीकडे बघ," तो म्हणत राहायचा. "दादा, डावीकडे. आता पुन्हा." खाली चहा घ्यायला गेलो तर टपरीवाला, पेपरवाला, बंगाली रीतीप्रमाणे सगळेच मला दादा म्हणत. गर्दीतून हाक आली की कुणाची ते मला मान फिरवल्याशिवाय कळायचं नाही. भाऊ मग खांद्याला हात लावून हाक मारायला लागला.

तो लॅपटॉप अजून उत्तम चालतो. आता कुणी गाड्यांच्या खेळासाठी लॅपटॉप कुठला घ्यावा विचारलं तर मी भावाने सांगितलेलं सगळं सांगतो. जाड घ्या, पंखे बघा, दुकानात चालवून पाहा.

प्रेक्षक हळूहळू विरळ झाले. आधी जाळी गेली. मग मागच्या रांगा रिकाम्या झाल्या. हिवाळा संपता संपता एकदोघं तेवढी येत, तीही संध्याकाळी, मी दमलेला असलो की. एक दिवस माझ्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत कुणी आलेलं नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं." मी हो म्हणालो. पण त्या दिवशी मी अधूनमधून कपाटाकडे बघत होतो, आणि तिथे नुसतं कपाट होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर नजरेची तपासणी पुन्हा झाली. एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. पहिल्या खेपेला अर्धा वाडगा मेलेला होता. या वेळी डॉक्टरांनी कागद बराच वेळ बघितला. अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, दोनतीन ठिपके परत आले होते. "कधी कधी थोडंसं येतं," त्या म्हणाल्या. "यापुढे फार अपेक्षा ठेवू नका."

तिथून आम्ही सियालदह स्टेशनकडे पायी निघालो. गाडी गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी बराकपूरच्या लोकलने नदीकाठी जायची सवय लागली होती. रस्त्यावर माणसांचा लोंढा होता. बायको नेहमीप्रमाणे माझ्या डावीकडून चालत होती, गर्दीचा धक्का मला लागू नये म्हणून. ती बोलत नव्हती. म्हणजे माझ्या लेखी ती नव्हती.

आणि मग खाली, फरशीजवळ, काहीतरी हललं. मी नजर समोरच ठेवली, मान वळवली नाही. ते पुन्हा हललं. एक चप्पल होती, तपकिरी पट्ट्याची, आणि तिच्यात एक पाऊल. घोट्याच्या वर काही नव्हतं. फक्त पाऊल माझ्याबरोबर चाललं होतं, माझ्या पावलाला पाऊल जुळवत, मध्ये खड्डा आला की जरा थांबून.

"काय झालं?" त्याच बाजूने तिचा आवाज आला. "हळू का झालात?"

"काही नाही," मी म्हणालो. "चल."

स्टेशन येईपर्यंत मी त्या पावलाकडे बघत चाललो.